नुसतं मोजणारा माणूस

निमंत्रणपत्रिकेचा कच्चा नमुना विभागप्रमुखानं टेबलावरून पुढं सरकवला, तेव्हा मॅडमचा चहा अजून अर्धा होता. चष्मा डोक्यावरून नाकावर आला. पहिली ओळ वाचून त्यांनी कप खाली ठेवला, दुसरी वाचून कागद खाली ठेवला, आणि मग विभागप्रमुखाकडं अशा काही नजरेनं बघितलं की तो बिचारा खुर्चीत सावरून बसला. एकेकाळी तो त्यांचाच विद्यार्थी होता. आता खुर्ची त्याची असली, तरी ती नजर त्याच्या ओळखीची होती.

पहिली ओळ होती, 'पायवाटांच्या अभ्यासाला दृष्टीचा नियम देणारे आपले लाडके सर, यांची स्मृतिसभा.' आणि खाली, जरा लहान अक्षरात, 'प्रमुख वक्त्या: सरांच्या दीर्घकाळच्या सहकारी, ज्यांनी मोजमापाचं किचकट काम वर्षानुवर्षं निष्ठेनं सांभाळलं.'

"मोजमाप कुणी केलं म्हणतोस?" मॅडमनी विचारलं.

"तुम्हीच ना मॅडम. सगळ्यांना माहीत आहे."

"अरे, मला घराच्या पडद्याचं माप घेता येत नाही! दोनदा कापड वाया गेलंय माझं. आणि नियम कुणी दिला?"

"सरांनी," विभागप्रमुख म्हणाला, आणि पाण्याचा ग्लास हळूच त्यांच्याकडं ढकलला.

आता इथं जरा मागं जायला हवं, नाहीतर मॅडम उगाच तापट आहेत असं वाटेल. तापट त्या होत्याच, पण उगाच नव्हत्या.

बागेत चांगली फरसबंद वाट बांधलेली असते आणि लोक ती सोडून गवतातून चालतात. महिन्याभरात तिथं दुसरी वाट पडते. दवाखान्याच्या आवारात पडते, शाळेच्या मैदानावर पडते, कारखान्याच्या फाटकापाशी पडते. ती कुठून जाते, किती रुंद होते आणि मुळात तिथंच का पडते, हा त्या दोघांचा विषय. लोक हसायचे. याला पगार देतात, म्हणायचे. दोघं एकाच वर्षी या विभागात चिकटली आणि तीसेक वर्षं याच विषयाला चिकटून राहिली. गेलेला माणूस सगळ्यांसाठी 'सर' होता. मॅडमसाठी तो पहिल्या वर्षापासून 'टेप' होता, कारण त्याच्या पँटच्या खिशात कायम मोजायची टेप असे आणि तो खिसा कायम फाटलेला असे. तो मॅडमना 'फाटे' म्हणायचा. कुठलंही सरळ बोलणं हातात आलं की त्याला फाटे फोडायची त्यांची सवय होती. विभागात हे नाव त्याच्याशिवाय कुणी घेतलं असतं, तर त्याची धडगत नव्हती.

टेप मोजायचा. गुडघ्यावर बसून, उन्हातान्हात, गवताच्या कडेला टेप लावून मोजायचा. मॅडम विचार करायच्या. आणि विभागाच्या खिडकीत उभं राहून, बसथांब्यावरून येणारी माणसं बघता बघता, एक दिवस त्यांनाच ते सुचलं होतं: माणूस जवळची वाट धरत नाही. जिथं जायचं ते ज्या वाटेवरून दिसत राहतं, ती वाट धरतो, मग ती थोडी लांबची का असेना. हाच तो दृष्टीचा नियम. मॅडमच्या आयुष्यात त्यांना सुचलेली खरी मोठी गोष्ट एवढी एकच. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

मग तो टेपच्या नावावर कसा गेला? चोरीनं नाही. ते असतं तर बरं झालं असतं, निदान कुणावर तरी डाफरता आलं असतं.

झालं असं, की पहिल्याच चर्चासत्रात मॅडम आपला विचार मांडायला उभ्या राहिल्या. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी विचारलं, "ज्यांना दिसत नाही त्यांचं काय?" प्रश्न चांगला होता. मॅडमना तो झोंबला. "तुम्ही इथपर्यंत कसे पोचलात?" असं त्या भर सभेत बोलून गेल्या, आणि पुढची दोन वर्षं त्यांना कुठलं बोलावणं आलं नाही. त्याच दिवशी दुपारी टेपनं आपली मोजमापं सांगितली. फळ्याकडं तोंड करून, आकड्यामागून आकडा. अध्यक्षांचा डोळा लागला. संध्याकाळी कँटीनमध्ये दोघं तोंडं पाडून बसली असताना टेप म्हणाला, "फाटे, पुढच्या वेळी तुझं मी सांगतो, माझं तू सांग. स्वतःचं सांगताना तू चावतेस आणि मी झोपवतो. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक करायला माणूस लाजत नाही."

आणि ते जमलं की! टेपला मॅडमचा विचार मुळात कळायलाच वेळ लागायचा. त्यामुळं ऐकणारा कुठं अडखळेल हे त्याला नेमकं माहीत असे. आधी बाग, मग दवाखाना, मग नियम, असं तो पोरांना हाताला धरून न्यायचा. आणि मॅडम त्याच्या मोजण्याची गोष्ट अशी सांगायच्या, की वाटेची रुंदी ऐकायला लोक पुढं सरकून बसायचे. मग वर्गातही तसंच सुरू झालं. मग लिहिण्यातही. विचाराचा भाग मॅडम बोलायच्या आणि टेप आपल्या वळणदार अक्षरात उतरवायचा. मोजमापाचं प्रकरण मॅडम लिहायच्या. निबंधावर नावं दोघांची. कुणाचं काय हे कुणाला सांगायची त्यांना कधी गरज वाटली नाही. सगळ्यांना माहीत असेलच, असं टेप धरून चालला होता आणि मॅडमही. एवढी शिकलेली दोन माणसं, आणि कुणालाच काही माहीत नव्हतं.

त्यात टेप गेला. सकाळी दाढी करता करता गेला, अर्ध्या गालाला साबण तसाच. ना आजार, ना सूचना.

"अरे बाबा, तो फक्त सांगायचा," मॅडम विभागप्रमुखाला समजावत होत्या. "विचार माझा होता."

"मॅडम, हा नियम मी सरांकडून शिकलो. तिसऱ्या बाकावर बसून."

"तू शिकलास त्याच्याकडून. तो शिकला माझ्याकडून."

"पण सगळे खर्डे सरांच्या हस्ताक्षरात आहेत. मीच कपाट लावलं ना परवा."

"मी बोलायचे, तो लिहायचा!"

विभागप्रमुखाच्या चेहऱ्यावर जी कणव आली, तिनं मॅडमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही दोघं म्हणजे एकच होतात, मॅडम," तो मऊ आवाजात म्हणाला. "तुमच्यात तुझं-माझं असं कधी नव्हतंच."

"माझ्या तोंडात तुझे शब्द कोंबू नकोस. तुझं-माझं होतं. रोज होतं. त्यावरून रोज भांडायचो आम्ही!"

"बरं," तो म्हणाला. लहान मुलाला म्हणतात तसं बरं. मग त्यानं हळूच पुढचं सांगितलं. सरांच्या भाषणांचं पुस्तक छापायला तयार आहे, नाव 'दृष्टीचा नियम', लेखक सर. सभा झाली की छापखान्यात जाईल. दर वर्षी सरांच्या नावानं या नियमावर एक व्याख्यान ठेवायचं ठरलंय. पुस्तकाला चार शब्दांची प्रस्तावना मॅडमनी द्यावी, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

चार शब्द! मॅडमकडं त्या वेळी चारच शब्द होते आणि त्यातला एकही छापण्यासारखा नव्हता. त्या उठल्या, पर्स घेतली आणि दार आपटून बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. म्हणजे हे पुस्तक निघालं की मामला मिटला. नियम सरांचा, मापं मॅडमची, आणि या इमारतीत उलटं सांगणारं कुणी उरणार नाही.

घरी नवरा भाजी निवडत बसला होता. तो बँकेतून निवृत्त झाल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात होतं आणि मॅडमना तिथं फक्त बोलायची परवानगी होती. त्या तासभर बोलल्या. विभागप्रमुखावर बोलल्या, पत्रिकेवर बोलल्या, शेवटी टेपवर आल्या.

"मेला तो मेला, सगळं घेऊन गेला. त्याला तरी चालेल का हे? थयथयाट केला असता त्यानं!"

"जिवंत माणसांशी भांडून दमली नाहीस का?" नवरा म्हणाला. "वहिनींना विचार. एवढ्या वर्षांत घरी काहीतरी बोललाच असेल की. त्या सभेत उभ्या राहून म्हणाल्या, हो बाबा, हे हिचं आहे, तर कोण नाही म्हणणार?"

हे मॅडमना पटलं. सुचलं नव्हतं याचा राग आला, पण पटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वहिनींकडं गेल्या.

टेपचं घर दुसऱ्या मजल्यावर. दाराबाहेर त्याचे बूट अजून तसेच होते, टाचा झिजलेले, शिवणीत माती सुकलेली. मॅडमनी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलंच. वहिनींनी दार उघडलं. त्या बारीक दिसत होत्या, पण चेहऱ्यावर काहीतरी वेगळं होतं, जरा चकित झाल्यासारखं.

"बसा ताई. बरं झालं आलात. मला तुम्हालाच विचारायचं होतं." त्यांनी पाणी आणलं आणि समोर बसल्या. "रोज कुणी ना कुणी येतंय. मोठमोठी माणसं. सगळी म्हणतात, सरांचा तो नियम, केवढी बुद्धी. मी नुसती मान हलवते. मला घरी कधी एका अक्षरानं बोलले नाहीत हो! मी विचारलं की म्हणायचे, मी काय, मी मोजतो. मी आपली समजून चालले की हा माणूस आयुष्यभर नुसतं मोजत राहिला."

मॅडमनी पाण्याचा घोट घेतला.

"टेप धुवून गॅलरीत वाळत घालायचे," वहिनी म्हणाल्या. "मी चेष्टा करायची. शिंप्याशी लग्न केलं असतं तर निदान कपडे तरी शिवून झाले असते. आणि आता कळतंय की एवढी मोठी गोष्ट होती त्यांच्या डोक्यात. मला सांगायच्या लायकीची समजले नाहीत का हो?"

"तसं नाही वहिनी."

"मग तुम्ही सांगा. काय तो नियम? मला कळेल असा सांगा. सभेत पहिल्या रांगेत बसायचंय मला. कुणी विचारलं तर नवऱ्याची एवढी तरी गोष्ट यायला नको?"

आता सांगा, काय करायचं माणसानं? मॅडम आल्या होत्या साक्षीदार शोधायला, आणि समोर ही बाई हात जोडावेत तशी बसलेली. हो, ते नुसतेच मोजायचे, बाकी सगळं माझं, असं तिच्या घरात बसून, तिच्या ग्लासातलं पाणी पिऊन बोलायचं? मॅडमच्या जिभेला हाड नव्हतं म्हणतात, पण त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली. मग त्यांनी सांगितलं. बाग सांगितली, दवाखाना सांगितला, बसथांबा सांगितला, आणि "त्यांना असं सुचलं" असं म्हणून नियम सांगितला. टेपचा म्हणून सांगितला आणि तो सुतासारखा सरळ आला. वहिनींना पहिल्या फटक्यात कळला.

"अय्या, खरंच की!" त्या म्हणाल्या. "मीही बाजारातून येताना वळसा घालून येते. ती पाण्याची टाकी दिसत राहते म्हणून." आणि पदरानं डोळे पुसत पुन्हा म्हणाल्या, "केवढी बुद्धी हो."

जिना उतरताना मॅडमनी टेपला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या तो जिवंत असतानाही दिल्या नव्हत्या.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मागच्या भिंतीवर टेपचा फोटो मोठा करून पडद्यावर दाखवला होता. कोट घातलेला, केस चापून बसवलेला टेप. हा कोट त्यानं कुणाचा तरी उसना घेतला असणार, असं मॅडमना वाटलं. वहिनी पहिल्या रांगेत होत्या, कॉलेजात पहिल्यांदाच आल्यासारख्या पाय जुळवून बसलेल्या. मॅडमना व्यासपीठावर बसवलं होतं. म्हणजे तोंड वाकडं करायचीही सोय नव्हती.

भाषणं सुरू झाली. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "आयुष्यातही ध्येय नजरेसमोर राहिलं पाहिजे, हेच सरांनी आपल्याला शिकवलं." टाळ्या. शेजारच्या विभागाच्या प्रमुख म्हणाल्या, सरांपाशी एक वेगळीच दृष्टी होती, ते पायवाटांमध्ये माणसाचं मन बघायचे. पुन्हा टाळ्या. एका माजी विद्यार्थ्यानं तर कमाल केली. सर आता अशा वाटेनं गेले आहेत, जिथून आपण सगळे त्यांना दिसत आहोत, असं म्हणून तो स्वतःच रडला. मॅडमनी दात इतके आवळले की कानशिलं दुखायला लागली. अरे, तो दवाखान्याच्या मागं, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, गुडघ्यावर बसून गवत मोजायचा! कुठलं ध्येय आणि कुठलं मन! एक जण, एक तरी माणूस, तो काय करायचा ते सांगेल का?

कुणी सांगितलं नाही. मॅडमचं नाव पुकारलं गेलं.

त्यांनी कागदावर दोन वाक्यं लिहून आणली होती. पहिलं, नियम माझा आहे. दुसरं, पुस्तक थांबवा. वहिनींनी खालून त्यांच्याकडं बघून ओळखीचं हसल्यासारखं केलं, आणि पहिलं वाक्य तिथंच फसलं. मॅडमनी कागद घडी केला. पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"मी तासभर ज्या माणसाबद्दल ऐकते आहे," त्या म्हणाल्या, "त्याला मी ओळखत नाही."

सभागृहात चुळबुळ झाली.

"मी ज्याच्याबरोबर काम केलं, तो मोजायचा. मोजमापं मी केली असं पत्रिकेत छापलंय, ते साफ खोटं आहे. आमची एकदा कापडी टेप होती. पावसापाण्यात भिजून, वाळून, ती ताणली गेली. ती किती लांबली? नखाएवढी. पण लांब वाटेवर टेप कितीदा लावावी लागते, ते बघा. आमचं वर्षभराचं काम झालेलं होतं, निबंध तयार होता, पाठवायचा बाकी होता. त्याला हे एका सकाळी लक्षात आलं. मी म्हटलं, जाऊ दे, नखाएवढं कोण बघतंय. तो म्हणाला, मग तसं लिहूया का, की आमचं म्हणणं नखाएवढं खोटं आहे? मी त्याच्यावर ओरडले. खूप ओरडले. त्यानं ऐकून घेतलं, नवी टेप आणली, आणि सगळ्या वाटा पहिल्यापासून मोजल्या. एकट्यानं. मी रुसून घरी बसले होते."

कुणीतरी हसलं. मॅडमचा आवाज आता लागला होता. लोक पुढं सरकून बसले होते.

"त्या वेळी माझं म्हणणं वेगळंच होतं. माणूस सावलीची वाट धरतो, असं मी म्हणत होते. मला ते फार आवडायचं. त्याच्या नव्या मापांनी ते मोडीत काढलं. मोजणारा असा असतो. तो आपल्या मित्राचं आवडतं म्हणणं सुद्धा मोडतो, आणि वर चहा पाजतो. तो नसता, तर मी आयुष्यभर सावलीबद्दल चुकीचं बोलत बसले असते आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. त्याच्या मापांकडं बघत बसले म्हणून मला दुसरं सुचलं."

आणि मग ते तोंडून निघूनच गेलं.

"हो, मला सुचलं. दृष्टीचा नियम माझा आहे. तो फक्त सांगायचा, कारण मला सांगता येत नाही."

वहिनींकडं बघायची मॅडमची हिंमत झाली नाही. अध्यक्षांनी विभागप्रमुखाकडं बघितलं, विभागप्रमुख उभा राहिला. त्याच्या हातात दुसरा माइक होता.

"मॅडम," तो म्हणाला, "मग आज तुमच्या तोंडून ऐकू द्या ना."

समजूत काढत होता की परीक्षा घेत होता, कोण जाणे. मॅडमनी घसा साफ केला.

"नियम असा, की माणूस जी वाट... म्हणजे दिसत राहणं हे महत्त्वाचं. पण थांबा. अंधारात हे लागू होत नाही. तिथं काय होतं हे आम्हाला नीट कळलेलंच नाही. आणि रोजची वाट असेल तर? रोजच्या वाटेवर माणूस बघतच नाही, तरी पायवाट तीच राहते. का? म्हणजे पहिल्यांदा जो चालला त्यानं बघितलं, बाकीचे त्याच्या मागून. मग नियम पहिल्या माणसापुरताच उरतो का? आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं काय, हा एक प्रश्न मला फार पूर्वी विचारला होता, मी त्यांना उर्मटासारखं बोलले, पण उत्तर अजून नाही माझ्याकडं. दुसरं म्हणजे..."

अध्यक्षांनी घड्याळाकडं बघितलं. मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. मॅडमना ते कळत होतं. फाट्याला फाटा फुटत होता आणि परत यायची वाट सापडत नव्हती. इतकी वर्षं डोक्यात लख्ख असलेली गोष्ट, आणि तिचं एक धड वाक्य होईना. या क्षणी कुणीतरी मधे पडून "आधी बाग सांग" असं म्हणायला हवं होतं. ते म्हणणारा एकच माणूस होता आणि तो मागं पडद्यावर उसन्या कोटात बसला होता.

"मला नाही येत," मॅडम म्हणाल्या. "हे तोच सांगायचा." आणि खाली बसल्या. थोड्या टाळ्या वाजल्या, दया येऊन वाजवतात तशा.

आभार प्रदर्शन झालं, लोक चहाकडं वळले. मॅडमना कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. त्या बाजूच्या दारानं जिन्याकडं निघाल्या, तर विभागप्रमुख धावत आला.

"मॅडम, पुस्तक थांबवतो."

"दया करू नकोस माझ्यावर."

"दया नाही. सरांनी हा नियम आम्हाला दोन वर्षं शिकवला. मी तो पुढं इतकी वर्षं शिकवला. त्यात शंका म्हणून कधी आली नाही. आज तुम्ही पाच मिनिटांत एवढ्या काढल्यात. दुसऱ्याच्या विचारावर कुणी एवढी झोपमोड करून घेत नाही." तो जरा ओशाळला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. बावळटपणा झाला."

"झाला," मॅडम म्हणाल्या. हे ऐकायची त्यांनी किती दिवस वाट बघितली होती, आणि आता ऐकून काही वाटत नव्हतं. वाटत होती ती भीती, कारण विभागप्रमुखाच्या मागून वहिनी येत होत्या. तो बाजूला झाला. वहिनी समोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा लाल झालेला होता.

"परवा घरी आलात तेव्हा खोटं सांगितलंत तुम्ही मला."

"वहिनी, मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल. लोक एवढं म्हणत होते, तुम्ही एवढ्या..."

"बरं वाटेल?" वहिनींचा आवाज चढला. "ताई, मी सगळं घर उलटंपालटं केलं. त्यांचे कपडे हुंगत बसायची, तेव्हा मनात यायचं, हा कोण माणूस होता? एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि मला याचा पत्ताच नव्हता. लोक येऊन माझं सांत्वन करायचे आणि मला वाटायचं, हे दुसऱ्याच कुणाच्या तरी नवऱ्याबद्दल बोलताहेत. मला त्यांच्यासाठी रडता पण येईना!"

वहिनींनी त्यांचा दंड धरला, चांगला घट्ट धरला.

"आता खरं सांगा. नखाएवढ्यासाठी सगळं परत मोजलं, ते खरं?"

"खरं."

"त्या वर्षी उन्हानं मान सोलून निघाली होती त्यांची. मी लोणी लावायची. म्हणजे ते मोजतच होते?"

"मोजतच होते वहिनी. दुसरं काही नाही."

"मग माझा नवरा मला माहीत होता," वहिनी म्हणाल्या, आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसून, ते गेले त्या दिवसापासून अडलेलं सगळं रडू मोठ्यानं रडल्या. मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. चहाला निघालेली माणसं त्यांना वळसा घालून उतरत राहिली.